नाव दुसऱ्याचे, लोखंड आपले

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मोटार तयार करणारा एकही कारखाना नाही. तेथे पूर्ण गाडी जोडली जात नाही, तिला रंग चढत नाही, तिच्यावर कोणाचे बोधचिन्ह बसत नाही. तरीही वसाहतीला लागून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर घटकाभर उभे राहावे आणि समोरून जाणारी वाहने पाहावीत. त्यांतल्या कित्येक ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींच्या पोटात कोल्हापूरच्या भट्टीतून निघालेला एखादा तरी भाग असतो. कधी तो इंजिनाचा ब्लॉक असतो, कधी सिलिंडर हेड, कधी फ्लायव्हील, गिअरबॉक्सची पेटी, ब्रेक ड्रम किंवा पिस्टन. गाडी घेणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. नाव दुसऱ्याचे असते; लोखंड आपले असते.

बँकेच्या नोकरीतील माझी बरीच वर्षे या लोखंडाला कर्ज देण्यात गेली. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतल्यामुळे ताळेबंद वाचता येत होता. ओतकाम मात्र फौंड्रीत उभे राहूनच समजून घ्यावे लागले. महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ‘कच्चा माल’ या दोन शब्दांत जे मावते, ते प्रत्यक्षात भंगाराचे डोंगर, पिग आयर्नच्या राशी, रेती, बेंटोनाइटची पोती आणि लाकडी-धातूचे पॅटर्न असे पसरलेले असते. सुमारे १४०० अंश तापलेला रस साच्यात ओतताना कामगारांचे डोळे कसे एकाग्र होतात, हे ज्याने पाहिले त्याला ‘तयार माल’ हा शब्द कागदावर लिहिताना थोडा आदर वाटू लागतो.

हे सारे आज लिहिण्यास एक निमित्त घडले. आपल्या समाजातील एक परिचित कुटुंब सल्ल्यासाठी माझ्या घरी आले. तीन पिढ्यांचा त्यांचा पिग आयर्न, भंगार आणि कोक यांचा व्यापार. नातू यंत्र अभियंता झालेला. त्याला शिरोलीत इंजिनाच्या भागांचे मशिनिंग करण्याचा कारखाना काढायचा होता आणि पुढे जमल्यास स्वतःची छोटी फौंड्रीही. प्रकल्प तीन कोटींचा. तारण म्हणून राहते घर. वडिलांना विजेवर चालणाऱ्या गाड्यांची धास्ती होती. आजोबांची हरकत वेगळीच होती. “साहेब, आपण लोखंड विकले, पण भट्टी कधी पेटवली नाही,” ते म्हणाले. नातू एवढेच म्हणाला, “काका, तुम्ही आकडे पाहून सांगा.” तीन पिढ्यांचे तीन प्रश्न होते आणि तिन्ही खरे होते. त्यांना जे सांगितले, ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे विस्ताराने मांडतो.

प्रथम आजोबांचा प्रश्न. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहे आणि शकटकर्मही आहे. म्हणजे भट्टीही नको आणि गाडीही नको. आपली अनेक कुटुंबे ओतकामाच्या अवतीभवती राहूनही प्रत्यक्ष भट्टीपासून का दूर राहिली, याचे एक कारण या संस्कारात असावे. मी शास्त्राचा अभ्यासक नाही. त्याचा निर्णय त्यांनी गुरूंच्या चरणी बसूनच घ्यावा असे मी नम्रपणे सांगितले. मात्र एक गोष्ट त्यांच्यासमोर ठेवली. ज्याने कोक विकला तो भट्टीच्या दारापर्यंत गेलेलाच आहे. त्या नियमामागे जिवाची काळजी असेल, तर ती काळजी कारखान्यातही पाळता येते. फेटलिंगच्या शेडमधील रेतीची बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाऊन बसते. तेथे धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवणे, कोळशाच्या धुरकट क्युपोलाऐवजी विजेची इंडक्शन भट्टी घेणे, ओतणाऱ्याच्या पायात योग्य बूट असणे, या गोष्टींचा खर्च प्रकल्प अहवालात पहिल्या दिवसापासून धरावा. माझ्या पाहणीतील कित्येक अहवालांत त्यासाठी रकानाच नसे.

आणि वाहनाच्या धंद्यात आपला समाज नवखा आहे असेही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. भारतात मोटार बनावी म्हणून त्यांनी त्याआधी कित्येक वर्षे परकीय सरकारशी झगडा केला होता. क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या आणि पुढे फियाटच्या सहकार्याने त्याच कारखान्याने मुंबईला तिची काळी-पिवळी टॅक्सी दिली. नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमलजींच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली. खुद्द आपल्या हातकणंगले तालुक्यातील कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणकार्यात पूर्णपणे उतरण्यापूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते आणि साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. लोखंड आपल्याला परके नाही.

आता वडिलांची धास्ती. इंजिनच नाहीसे झाले, तर इंजिनाच्या भागांचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला भविष्यापेक्षा कोल्हापूरचा भूतकाळ अधिक उपयोगी वाटतो. येथील कारखानदारीचा जन्म उसातून झाला. उसाचे चरक, गुऱ्हाळाच्या काहिली, विहिरीवरचे पंप आणि ते चालवणारी ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीतून उद्यमनगर वाढले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे तेथे आजही आदराने घेतली जातात. औपचारिक शिक्षणापेक्षा हातातल्या कौशल्यावर उभी राहिलेली ती पिढी होती. मोडलेला भाग पाहून तसाच भाग ओतायचा, मग आख्खे इंजिनच बनवायचे, असा तो प्रवास झाला. पुढे गावोगाव वीज पोचली, विहिरीवर विजेची मोटार बसली आणि ऑइल इंजिनाची मागणी ओसरत गेली. त्या वेळीही ‘आता कोल्हापूर संपले’ असे म्हणणारे असतीलच. पण साचा करण्याची आणि रस ओतण्याची विद्या इंजिनाबरोबर बुडाली नाही. त्याच हातांनी ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींचे भाग ओतायला घेतले. उद्यमनगर अपुरे पडले, तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि नंतर कागल-हातकणंगले अशा वसाहती भरत गेल्या. एका विजेच्या मोटारीने कोल्हापूरला एकदा आपला व्यवसाय बदलायला लावलेला आहे. दुसरी विजेची मोटार आज दाराशी उभी आहे, एवढेच.

ही तुलना दिलासा देणारी असली, तरी ती पुरेशी नाही. म्हणून वडिलांना मी आग्नेय आशियाकडे पाहण्यास सांगितले. मोटार उद्योगाच्या बाबतीत तेथील दोन देशांनी दोन निराळ्या वाटा धरल्या. मलेशियाने १९८३ मध्ये प्रोटॉन ही राष्ट्रीय कंपनी काढली आणि जपानच्या मित्सुबिशीच्या साहाय्याने १९८५ मध्ये ‘सागा’ ही स्वतःच्या नावाची गाडी रस्त्यावर आणली. तिच्याभोवती चढ्या आयातशुल्काचे कुंपण घातले गेले. कुंपणाच्या आत गाडी खपली. बाहेर मात्र तिला म्हणावी तशी बाजारपेठ मिळाली नाही. अखेर २०१७ मध्ये प्रोटॉनचे ४९.९ टक्के भाग चीनच्या जीली कंपनीकडे गेले.

थायलंडने नावाचा हट्ट धरला नाही. टोयोटासारख्या जपानी कंपन्यांना त्याने १९६० च्या दशकापासून बोलावले; मात्र गाडीतील ठरावीक हिस्सा देशातच बनला पाहिजे, अशी अट घातली आणि ती वर्षानुवर्षे वाढवत नेली. २००० साली ही अट रद्द झाली, तोवर सुटे भाग बनवणाऱ्यांची दाट साखळी तेथे तयार झालेली होती. २०१३ मध्ये थायलंडने सुमारे २४.५ लाख वाहने बनवली. ‘आशियाचे डेट्रॉइट’ असे त्याला म्हटले जाऊ लागले. नाव दुसऱ्याचे, लोखंड आपले, हीच तीही रीत.

कोल्हापूरची जातकुळी मलेशियापेक्षा थायलंडची आहे, आणि आपला त्यांच्याशी व्यवहारही आहे. सप्टेंबर २००४ मध्ये भारत-थायलंड करारानुसार ८२ वस्तूंवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्यास सुरुवात झाली. त्यांत बेअरिंग होते, गिअरबॉक्स होते. पुढे १ जानेवारी २०१० पासून आसियान देशांबरोबरचा व्यापक करार आला. शिरोलीतील कारखानदाराचा प्रतिस्पर्धी तेव्हापासून शेजारच्या प्लॉटवर राहत नाही. तो समुद्रापलीकडे राहतो.

त्या थायलंडची आजची स्थिती मात्र विचार करायला लावणारी आहे. २०२४ मध्ये तेथील वाहन-उत्पादन १५ लाखांच्या खाली आले. त्याची दोन कारणे ठळकपणे दिसतात. पहिले चिनी विद्युत गाड्यांचे. बीवायडीने जुलै २०२४ मध्ये रायोंग येथे कारखाना सुरू केला आणि त्याच्या महिनाभर आधी सुझुकीने आपला तेथील कारखाना २०२५ अखेर बंद करण्याचे जाहीर केले होते. दुसरे कारण माझ्यासारख्या बँकेतील माणसाला अधिक बोलके वाटते. थायलंडमधील कुटुंबांवरील कर्ज देशाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत चढले होते. बँका सावध झाल्या, वाहनकर्जाचे अर्ज परत जाऊ लागले आणि पिकअप गाड्यांची देशातील विक्री कोसळली. म्हणजे कारखान्यातील भट्टी थंड पडण्यास केवळ नवे तंत्रज्ञान कारण झाले नाही. घराघरांतला कर्जाचा हप्ताही कारण झाला. तीन कोटींसाठी राहते घर तारण ठेवू पाहणाऱ्या कुटुंबासमोर हे सांगणे मला आवश्यक वाटले.

आणखी एक साम्य सांगितल्यावाचून राहवत नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडमधील अयुथ्थया येथील होंडाचा कारखाना पुरात बुडाला. भिजलेल्या १,०५५ गाड्या कंपनीने स्वतःहून मोडीत काढल्या आणि कारखाना पुन्हा सुरू व्हायला पुढील वर्षाचा मार्च उजाडला. सुटे भाग न मिळाल्याने अमेरिकेतील कारखान्यांनाही उत्पादन कमी करावे लागले. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने महामार्ग अडवला, तेव्हा पुलाची शिरोली हे नाव किती अर्थपूर्ण आहे ते कळले. पुलाच्या अलीकडे कामगार, पलीकडे कारखाने आणि मध्ये पाणी. २०१९ हे माझ्या नोकरीचे शेवटचे वर्ष. वाहनउद्योगात मंदी होती, १ एप्रिल २०२० पासून येणाऱ्या बीएस-६ नियमांमुळे ग्राहक कंपन्या हात आखडून होत्या, आणि त्यात हा पूर. ज्या कारखानदारांकडे दोन महिन्यांचे वेतन भागेल एवढी गंगाजळी होती, ते त्यातून शांतपणे बाहेर आले. ज्यांनी चांगल्या वर्षांतील सारा नफा नव्या यंत्रांत गुंतवला होता, त्यांची यंत्रे उत्तम होती. पण हप्ते थकले.

हे नातवाच्या प्रश्नाशी, म्हणजे आकड्यांशी, येऊन भिडते. व्यापारी कुटुंबातील मुलाला नफ्याचे गणित उपजत येते. कारखान्याचे गणित वेगळे असते, कारण तेथे पैसा फार काळ अडकून राहतो. उदाहरणादाखल दरमहा एक कोटीची, म्हणजे वर्षाला बारा कोटींची विक्री धरू. कच्चा माल १५ दिवस पडून असतो, साचा-ओतकाम-मशिनिंगमध्ये आणखी १५ दिवस जातात, आणि पुण्याच्या मोठ्या कंपनीकडून पैसे यायला ७५ दिवस लागतात. असे १०५ दिवस झाले. म्हणजे सुमारे साडेतीन कोटी रुपये सतत फिरतीत. लहान उद्योगांसाठी बँका नायक समितीच्या सूत्राने वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळते भांडवल धरतात. त्यांतील २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के मालकाचे. आपल्या उदाहरणात बँकेचे दोन कोटी चाळीस लाख आणि स्वतःचे साठ लाख, मिळून तीन कोटी. उरलेले पन्नास लाख कोठून येतात?

ते बहुधा आपल्याच घरातून येतात. पिग आयर्नचा, भंगाराचा, कोकचा व्यापारी महिना-दीड महिन्याच्या उधारीवर माल देतो, म्हणून ते सूत्र पुरे पडते. शिरोलीतील भट्ट्यांना आम्ही बँकवाल्यांनी कर्ज दिले हे खरे. पण आमच्या मागे आणखी एक बँक उभी होती. तिला पाटी नव्हती, तिची शाखा शाहूपुरीतल्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या पेढीवर भरत असे आणि तिच्याकडे तारण म्हणून शब्दाखेरीज काही नसे. नातू ज्या कारखानदारीत ‘नव्याने’ उतरू पाहत होता, तिच्यात त्याचे आजोबा चाळीस वर्षे भांडवल पुरवत होते. त्याची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात ‘गुंतवणूक’ म्हणून झाली नाही.

येथे वाचकांनी एक कायदेशीर बारकावा लक्षात घ्यावा. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे देणे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकर कायद्याच्या ४३ बी (एच) कलमाने तिला धार आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. परंतु हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. २०२१ मध्ये घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरती. म्हणजे ओतीव भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराचे पैसे कायदा मागून देतो. त्याच भागासाठी पिग आयर्न देणाऱ्या पेढीचे पैसे शब्दावरच राहतात. हातात उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त झालेले अनेक व्यापारी मला भेटतात. त्यांनी आपल्या सनदी लेखापालांकडून हे एकदा समजून घ्यावे.

मग मी त्या कुटुंबाला काय सांगितले? घर तारण ठेवू नये, हे पहिले. व्यवसाय बुडाला तर पुन्हा उभा करता येतो. त्यासाठी रात्री पाठ टेकायला जागा शाबूत हवी. दुसरे, फौंड्रीचा विचार सध्या बाजूला ठेवून भाड्याच्या शेडमध्ये दोनच यंत्रांवर जॉबवर्कने सुरुवात करावी. तिसरे, कोणता भाग घ्यायचा हे ठरवताना एकच कसोटी लावावी: इंजिन गेले तरी हा भाग गाडीत राहील का? विजेच्या गाडीला सिलिंडर हेड नको, पिस्टन नको. पण तिलाही थांबावे लागते आणि वजन पेलावे लागते. ब्रेकचे ड्रम, हब, सस्पेन्शनचे भाग तिलाही हवेत. तिच्या मोटारीचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे असते. ते ओतण्याची विद्या वेगळी, पण शिकता येण्यासारखी आहे. ट्रॅक्टर, पंप आणि जनित्रे यांचे डिझेल इतक्यात सुटणारे नाही. चौथे, एकाच ग्राहकावर निम्म्याहून अधिक विक्री अवलंबून ठेवू नये. आणि पाचवे, आजोबांना उद्देशून: पेढी बंद करू नये. नातवाच्या कारखान्याला तिनेच माल द्यावा, पण बाजारभावाने आणि लेखी मुदतीने. घरातील उधारीची नोंद झाली नाही, की दोन्ही धंद्यांचा खरा नफा कोणालाच कळत नाही.

नातू थोडा हिरमुसला. त्याच्या मनात भट्टी होती आणि मी त्याला भाड्याची शेड दाखवत होतो. वडिलांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, तीही मला पूर्णपणे आवडली नाही. कारण धास्तीपोटी काहीच न करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचेही व्याज भरावे लागते. आजोबांनी मात्र व्यापाऱ्याचा नेमका प्रश्न विचारला. “त्या ब्रेक ड्रमला लोखंड किती लागते?” या प्रश्नानंतर बोलणे पुढे सरकले. आता शेड घेतली आहे, हबचे काम मिळाले आहे. पहिल्या खेपेत परत आलेले नग नातवाने फेकले नाहीत; त्यांवर खडूने कारण लिहून ते शेडच्या भिंतीला ओळीने लावून ठेवले आहेत. धंदा चालेल की नाही हे सांगण्यास दोन-तीन वर्षे जावी लागतील. परंतु ज्या उद्योजकाने आपले नाकारलेले नग मला मोकळेपणाने दाखवले, त्याचे खाते सहसा थकले नाही, एवढे अनुभवाने सांगतो.

शिरोलीतील आजची पिढी सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून किंवा कोल्हापूरच्या एखाद्या तंत्रनिकेतनातून शिकून येते, संगणकावर साच्याचे चित्र काढते आणि रस कोठे आखडेल, कोठे पोकळी राहील, हे ओतण्याआधी पाहते. तिच्यात आपल्या घरांतील मुले-मुली अधिक संख्येने दिसावीत असे मला वाटते. त्यासाठी व्यापार सोडण्याची गरज नाही. उधारी ओळखण्याची नजर, माणसाची पत जोखण्याची सवय आणि शब्द पाळण्याची शिस्त हे आपल्या पेढ्यांचे भांडवल आहे, आणि कारखान्याला त्याची नेहमीच उणीव भासते. आपण आजवर ते दुसऱ्यांच्या भट्ट्यांना उधार दिले. आता आपल्या मुलांनी मागितले, तर मुदत आणि व्याज ठरवून, पण आनंदाने द्यावे.